बसथांब्यावरचे बहुरूपी

लहानपणी गावाकडे सुगी झाली की बहुरूपी यायचा. अंगात खाकी, हातात काठी, तोंडात शिट्टी. ‘तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, चला चौकीला’ म्हणून दारात उभा राहायचा. नवखा माणूस दचकायचा, बाकीचे हसायचे आणि आजी उठून त्याला सुपातून जोंधळे घालायची. सॅन फ्रान्सिस्कोत मला हाच बहुरूपी पुन्हा दिसला. फरक एवढाच, की या वेळी वॉरंट माझ्यासारख्यांच्या नावाचं होतं.

९ डिसेंबर २०१३ ची सकाळ. मिशन भागात व्हॅलेन्शिया आणि चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गूगलच्या कर्मचाऱ्यांची बस थांबली आणि पिवळी जाकिटं घातलेली माणसं तिच्या आडवी आली. आपण शहराच्या ‘विस्थापन’ खात्याकडून आलोय, असा त्यांचा आव. खातं खोटं, पण नियम खरा होता. सार्वजनिक बसथांब्यावर खासगी गाडी उभी केली तर २७१ डॉलर दंड. कंपन्यांच्या बसेस मात्र हेच थांबे रोज फुकट वापरत होत्या. दोन वर्षांचा हिशेब मांडून या ‘अधिकाऱ्यांनी’ एक अब्ज डॉलरचं बिल काढलं.

तेवढ्यात एक तरुण त्यांच्या अंगावर ओरडू लागला. इथे राहणं परवडत नसेल तर दुसऱ्या गावी जा, असा त्याचा सूर. व्हिडिओ काही तासांत देशभर फिरला. मग कळलं, की तो गूगलचा नव्हताच. शेजारच्या ओकलंडमधला युनियनचा कार्यकर्ता सोंग वठवत होता.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि अशाच एका बसने साउथ बेला जायचो. माझी बस कुणी अडवली नव्हती, पण तो व्हिडिओ मी बसमध्येच पाहिला. राग आला. आम्ही टॅक्स भरतो, पन्नास जण एका बसने जातो म्हणजे तेवढ्या गाड्या रस्त्यावर कमी, मग आमचं काय चुकलं? संध्याकाळी घरी आलो तर पत्रपेटीत नेहमीप्रमाणे आधीच्या भाडेकरूच्या नावाचं पाकीट होतं. स्पॅनिश आडनाव. तो का गेला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणीही त्या तरुणासारखं बोललं नसतं. पण आम्ही जे भाडं मुकाट्याने देत होतो, ते तेच बोलत होतं.

या सोंगांचं फलित काय? २१ जानेवारी २०१४ रोजी शहराच्या परिवहन मंडळाने अठरा महिन्यांची प्रायोगिक योजना मंजूर केली: प्रत्येक थांब्याला दर खेपेस एक डॉलर. सामान्य प्रवाशाचं तिकीट तेव्हा दोन डॉलर होतं. राज्याच्या कायद्यानुसार खर्चापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. मग १ एप्रिलला त्याच कोपऱ्यावर गूगलच्या रंगांचे कपडे घालून, उंच काठ्यांवर चढून आंदोलकांनी ‘जीम्युनी’ जाहीर केली, म्हणजे सगळ्या शहराला गूगलची बस फुकट! एप्रिल फूलच तो. पुढे योजना कायम झाली, शुल्क वाढलं. घरं रिकामी होण्याचा मूळ प्रश्न मात्र त्या शुल्कात आलाच नाही.

२०२३ मध्ये पुढचा अंक झाला. ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर लोक रस्त्यावरचा नारिंगी कोन ठेवू लागले. गाडी जागच्या जागी थांबते. मोडतोड नाही, हॅकिंग नाही. इंजिनिअर म्हणून मला दाद द्यावीशी वाटली. पण आता परवानगी शहराच्या हातात नव्हती, कारण या गाड्यांचे परवाने राज्य सरकार देतं. शहराने विरोध करूनही १० ऑगस्ट २०२३ रोजी राज्याच्या आयोगाने दोन कंपन्यांना चोवीस तास भाडं घेऊन गाड्या चालवायची परवानगी दिली.

म्हणजे सोंगाची ताकद कुठवर? कुठला नियम कुणाला लागत नाही, हे ते चारचौघांत दाखवतं. त्यापुढचं काम ज्याच्या हातात अधिकार आहे त्याचं. आणि तो काय उत्तर देतो, त्यावरून सरकार कळतं. मुंबईत २०१७ मध्ये आरजे मलिष्काने खड्ड्यांवरून महापालिकेची गाण्यात टर उडवली. काही दिवसांत तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. इथे निदान सुनावणी झाली, एक डॉलर का असेना, ठरला.

मी एच-वन-बीवर. पिवळं जाकीट घालून बस अडवायची माझी हिंमत नाही, हे कबूल करतो. पण परिवहन मंडळाच्या बैठकीत कुणालाही बोलता येतं, नागरिक असावं लागत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलो नाही. बहुरूपी दारात आला की आजी निदान जागेवरून उठायची तरी.