उघडता न येणारी वस्तू कोणाची?

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या भाच्याने मोबाइलचा शेवटचा हप्ता भरला. १,०५० रुपयांचे १८ हप्ते, एकूण १८,९०० रुपये. त्या संध्याकाळी बहिणीने शिरा केला. हप्ता फिटला म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरात तो एक सणच असतो. पण गंमत पाहा. आठ दिवस गेले नाहीत तोच फोन भर दुपारी मान टाकू लागला. चार्जिंग चाळीस टक्के दिसते आणि एकाएकी पडदा काळा!

भाचा मोटारसायकलवरून घरोघरी सामान पोहोचवतो. त्याची ऑर्डर फोनवर, पत्ता फोनवर, पैसेही फोनवर. फोन बंद म्हणजे रोजी बंद. पेट्रोल वजा जाता दिवसाला ७५० रुपये सुटतात, त्यावर घर चालते. म्हणून रविवारी आम्ही त्याला घेऊन कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बॅटरी आणि मागचा सगळा भाग बदलावा लागेल. सहा हजार दोनशे. त्यापेक्षा नवीनच घ्या ना काका, हप्त्यावर मिळतो."

काल हप्ता फिटला आणि आज पुन्हा हप्ता! आम्ही म्हणालो, "बाळ, कोणत्या भागाचे किती, हे वेगवेगळे कागदावर लिहून दे." वाचकहो, कारकुनीत वीस वर्षे घालवल्यावर एक गोष्ट कळते. तोंडी सांगताना जे अशक्य असते ते लेखी मागितले की शक्य होते. आत जाऊन कोणाला तरी विचारून तो आला. नुसती बॅटरीही बदलून मिळेल, १,९०० रुपये लागतील. मात्र बॅटरी बाहेरून मागवावी लागेल, तोवर फोन आठ दिवस जमा.

आता हिशेब करा. आठ दिवसांची रोजी ६,००० आणि बॅटरीचे १,९००, म्हणजे ७,९०० रुपये. दरपत्रकावर मात्र १,९००च दिसतात. श्रीमंताकडे दुसरा फोन असतो, त्याला आठ दिवस म्हणजे नुसते आठ दिवस. रोजंदारीवाल्याला तोच खर्चाचा सर्वांत मोठा आकडा असतो.

शेवटी आम्ही स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तीन फूट रुंद टपरी, एक भिंग, चार स्क्रू ड्रायव्हर आणि गरम हवा सोडणारे यंत्र. त्याने झाकणाचा डिंक सैल केला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. चाळीस मिनिटे, ८५० रुपये. आम्ही गॅरंटी विचारली. तो म्हणाला, "साहेब, हाताच्या कामाची गॅरंटी देतो, बॅटरीची तीन महिनेच. कंपनी आम्हाला ओरिजिनल माल विकत नाही. मिळाला असता तर तोच घातला असता."

त्याचे हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. हात आहे, कसब आहे, गिऱ्हाईक आहे आणि माल मात्र मिळत नाही. मग आपण म्हणतो, बाहेरचे दुरुस्तीवाले डुप्लिकेट माल लावतात!

आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो. वस्तू वापरून झिजते, तिची किंमत दरसाल कमी होते, ती वहीत लिहायची. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत संगणकासारख्या वस्तूंचे आयुष्य ३ वर्षे धरले आहे. म्हणजे कंपन्या आपल्या वहीत संगणक साधारण तीन वर्षे चालेल असे धरतात. आमच्या भाच्याच्या वहीत काय? फोन १८ महिन्यांत टाकला असता तर दरमहा १,०५० रुपये खर्च. बॅटरी बदलून तो आणखी १८ महिने चालला, तर १९,७५० भागिले ३६, म्हणजे दरमहा सुमारे ५५० रुपये. नव्या फोनने कुणाचेही उत्पन्न एका दिवसात वाढत नाही. जुना फोन दुरुस्त केला की खर्च मात्र निम्मा होतो.

बॅटरी झिजणे यात कुणाची लबाडी नाही, हेही सांगितले पाहिजे. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांवर ठरते. अनेक फोनच्या बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येतात. दिवसातून दोनदा फोन पूर्ण संपवून पूर्ण चार्ज करणाऱ्याच्या ५०० फेऱ्या नऊ महिन्यांच्या आतच संपतात. त्यात मे महिन्याचे ऊन आणि हँडलवर तापलेला फोन! उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू. थकलेली बॅटरी अचानक जास्त वीज पुरवू शकत नाही, म्हणून चाळीस टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. हा झाला निसर्गनियम. पण झिजणारा भाग डिंकाने आत चिकटवायचा आणि सुटा विकायचा नाही, हा निसर्गनियम नव्हे. तो माणसाचा निर्णय आहे.

असे निर्णय आजचे नाहीत. १९२४ साली जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स वगैरे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एक संघ केला. त्याचे नाव फीबस. विजेचा दिवा १,००० तासांपेक्षा जास्त चालू द्यायचा नाही, असे त्यांनी आपसात ठरवले. ज्या कारखान्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड! चांगला माल काढल्याबद्दल दंड झाल्याचे आम्ही तरी दुसरीकडे वाचलेले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तो संघ मोडला, विचार मात्र मोडला नाही.

अलीकडचे उदाहरण अ‍ॅपल कंपनीचे. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम संथ करतो, हे या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. कंपनीचे म्हणणे असे, की फोन अचानक बंद पडू नये म्हणून ते केले. कारण खोटे नव्हते, आमच्या भाच्याच्या फोनला तोच आजार होता. पण रोग्याला न सांगता औषध दिले तर त्याला काय म्हणावे? लोकांनी फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेतला, बॅटरी बदलून भागले असते तरी. कंपनीने माफी मागितली आणि ७९ डॉलरची बॅटरी वर्षभर २९ डॉलरला बदलून दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीने अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अ‍ॅपलला २.५ कोटी युरो दंड केला, तो ग्राहकांना सांगितले नाही म्हणून.

आता त्याहून पुढची युक्ती निघाली आहे. काही फोनमध्ये बॅटरी, पडदा, कॅमेरा यांना क्रमांक दिलेले असतात आणि ते क्रमांक फोनच्या मेंदूत नोंदलेले असतात. दुसऱ्या कुणी अस्सल भाग बसवला तरी फोन तो ओळखत नाही, सूचना दाखवत राहतो किंवा एखादी सोय बंद करतो. म्हणजे घर तुमचे, कुलूप तुमचे, पण किल्ली बनवायची तर पूर्वीच्या घरमालकाची परवानगी हवी! अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या प्रकाराला बंदी घातली. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या स्मार्टफोनसाठी नियम लावले. बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के टिकली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, तेही ५ ते १० कामाच्या दिवसांत. बाहेरच्या कुशल दुरुस्तीवाल्यालाही ते मिळाले पाहिजेत. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून दुकानात फोनवर दहापैकी गुण लिहावे लागू लागले, तो दुरुस्त करणे किती सोपे याचे.

आपल्याकडे काय? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये असेच गुण देण्याची पद्धत ठरवायला दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. चांगली गोष्ट आहे. पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे, आणि संकेतस्थळावर कंपनीचे नाव आले म्हणजे स्टेशनजवळच्या टपरीत अस्सल बॅटरी आली असेही नव्हे.

फोनचे सोडा, संगणकाचे पाहा. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक देणगीचा संगणक आहे. मुले त्यावर परीक्षांचे अर्ज भरतात. त्यात विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ टाकावे तर त्याला ठरावीक नवे प्रोसेसर आणि सुरक्षेची ठरावीक सोय लागते, ती या यंत्रात नाही. यंत्र धडधाकट आहे, पंखा फिरतो, कळफलक चालतो. तरी त्याला निवृत्तीची नोटीस! एका मुलाने मग त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून दिली. दोन दिवस सगळे गोंधळले, तिसऱ्या दिवशी अर्ज भरणे सुरू. नवा संगणक घ्यायला लागणारे पैसे पुस्तकांसाठी राहिले.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकण चिकटवावे लागते. निकृष्ट बॅटरी फुगते, पेटतेही. कुणी घरी चाकूने फोन उघडू नये, फुगलेली बॅटरी उशाशी ठेवू नये, हे आमचेही सांगणे आहे. पण धोका आहे म्हणून कसबी माणसाला अस्सल माल द्यायचा नाही, याने धोका कमी कसा होतो? उलट तो वाढतो.

आपण काय करावे? खरेदीपूर्वी दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. नुसती बॅटरी बदलून मिळते का आणि कितीला? पडदा फुटला तर कितीला? सॉफ्टवेअरची देखभाल किती वर्षे मिळणार? दुरुस्ती केंद्र आपल्या गावात आहे का आणि फोन किती दिवस जमा करावा लागतो? कॅमेऱ्याचे आकडे तो आपणहून सांगेल, हे चार आकडे आपणच विचारायचे. बिल जपून ठेवावे. दुरुस्तीचा अंदाज नेहमी लेखी आणि भागवार मागावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तेथे फी नाही आणि वकीलही लावावाच लागतो असे नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे मात्र विसरू नये. आणि आपल्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना जरा विचार करावा. तो उठून गेला तर आपल्याला उरेल फक्त काउंटर आणि "नवीनच घ्या ना काका".

ज्या वस्तूचे पैसे आपण फेडले ती आपली, असे आपण समजतो. पण ती कधी उघडायची, कोणी उघडायची, कधी टाकायची हे दुसराच ठरवणार असेल तर ती आपली कसली? अठरा हप्ते भरूनही आपण भाडेकरूच!

असो. भाच्याचा फोन सध्या रात्री नऊपर्यंत टिकतो आहे. बहिणीने त्याला एक सवय लावली आहे. हप्त्याचे ते १,०५० रुपये आता तो दरमहा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत भरतो. परवा पासबुक दाखवायला आला होता. "मामा, हा पण हप्ताच," म्हणाला, "पण या वेळी पैसे माझ्याकडे येणार."