लघवीत रक्त आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं. तरी तपासणी का टाळू नये?

लघवी लाल झाली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "उन्हाळी लागली असेल." मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा. दोन दिवसांत रक्त थांबतं आणि विषय संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगात नेमका इथंच वेळ जातो, कारण या आजारात सुरुवातीला रक्त बहुतेक वेळा न दुखता येतं आणि आपोआप थांबतंही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त.

लघवी तुंबली तर

काहींना रक्ताच्या गाठी अडकून लघवीच बंद होते. पोट फुगतं, जीव कासावीस होतो. अशा वेळी घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नळी टाकून, मूत्राशय धुऊन रुग्णाला मोकळं करतात. पण खरी चूक पुढे होते. बरं वाटलं की माणूस घरी येतो, "वयामुळे प्रोस्टेट वाढलंय" म्हणून सोडून देतो. लहान गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. रक्त आलं असेल तर दुर्बिणीची तपासणी हवीच.

लवकर सापडला तर

निदान होतं तेव्हा १०० पैकी सुमारे ७० ते ७५ जणांत हा आजार आतल्या अस्तरापुरताच असतो, स्नायूत गेलेला नसतो. तेव्हा पोट न फाडता दुर्बिणीतून गाठ काढता येते. धोका जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. हो, बाळाला क्षयरोगासाठी देतात तीच लस. १९७६ पासून ती या आजारावर वापरात आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. आठवड्याला एक असे ६ डोस, नंतर गरजेप्रमाणे १ ते ३ वर्षं अधूनमधून.

औषध साधारण २ तास आत धरायचं असतं. आधीची लघवी आत तुंबून राहत असेल तर ते पातळ होतं. म्हणून लघवी पूर्ण होत नसेल तर डोसआधीच सांगा, लाजू नका. लघवीत रक्त दिसत असेल किंवा नळी टाकताना इजा झाली असेल तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात. तेव्हा "आलोय तर देऊनच टाका" असा आग्रह धरू नका. डोसनंतर लघवी झाली नाही किंवा जोराचा ताप आला तर लगेच कळवा.

खरी अडचण कुठे?

हा आजार पुन्हा उगवतो. म्हणून ३ महिन्यांनी दुर्बीण, आणि नंतरही ठरलेल्या तारखांना. शस्त्रक्रियेला पैसे कसेबसे जमतात, पण दर आठवड्याचं एसटी भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला येणारा माणूस, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो. पेरणी आली, ऊसतोड लागली की तारीख चुकते. पुढच्या वेळी गाठ स्नायूत गेलेली सापडली, तर अख्खं मूत्राशय काढण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून उपचार सुरू करतानाच आरोग्यमित्राला विचारा: महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रियेबरोबर पुढचे डोस आणि तपासण्या बसतात का? आणि आपल्या लोकप्रतिनिधींनाही विचारा, दुर्बिणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी का नसावी?