वाया गेलेलं वर्ष नेमकं कोणाचं?

मागे एका निकाहच्या जेवणात शेजारी बसलेल्या बुजुर्गांनी मला विचारलं, "मास्तर, तुमची ती शागिर्द डॉक्टर झाली ना? मग अजून घरी कशी?"

ती घरी बसलेली नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस झालं, एक वर्ष इंटर्नशिप झाली. नीट-पीजीत मेडिसिन मिळण्याइतका रँक आला नाही, म्हणून ती एक वर्ष मागते आहे. तिच्या वडिलांनी माझा सल्ला घेतला, तेव्हा मीही म्हणालो होतो, "अभ्यास करू द्या, पण रिश्ता बघून ठेवा." त्या वाक्याची मला आज लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

आपला हिशेब बघा. मुलगा व्हिजिट व्हिसावर दुबईला जाऊन वर्षभर नोकरी शोधतो, रिकाम्या हातानं परत येतो. आपण म्हणतो, नसीब. 2024 ची नीट-पीजी 3 मार्चला व्हायची होती. ती 7 जुलैवर गेली, मग 23 जूनवर आली, आदल्या रात्री रद्द झाली आणि शेवटी 11 ऑगस्टला झाली. सरकारनं पोरांचे पाच महिने खाल्ले, कोणी जाब विचारला नाही. मुलीनं स्वतःहून बारा महिने मागितले की मात्र सगळ्या खानदानाला तिचं वय आठवतं.

हे दीनच्या नावानं तर बोलूच नका. इमाम बुखारींनी हदीस गोळा करण्यासाठी शहरामागून शहर पालथं घातलं, त्यात वर्षांमागून वर्षं गेली. ती आपण इल्मची वर्षं म्हणून सांगतो. आपल्या मुलीचं एकच वर्ष वाया कसं?

आता दोन शब्द मुलांनाही. वर्ष मागणं हक्काचं आहे, पण ते कुठे ठेवायचं याचा विचार हवा. हल्ली "एक वर्ष रिसर्च करतो" असं म्हणायची पद्धत पडली आहे. नीट-पीजीत 200 प्रश्न, 800 गुण. तुमचा शोधनिबंध तिथे कोणी बघत नाही. इथेच एमडी करायचं असेल तर परीक्षेआधीचं वर्ष रिसर्चला देणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत छप्पर शाकारायला बसणं. संशोधनाची हौस असेल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी योजना एमबीबीएस चालू असतानाच आहे, आणि एमडीत प्रबंध लिहावाच लागतो.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे जानेवारी 2022 पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे बाकीच्या गोष्टींचं वजन वाढलं, संशोधनाचंही. पण अर्ज सप्टेंबरमध्ये जातात. काम त्याआधी दाखवण्याजोगं व्हायला हवं, म्हणजे सुरुवात आदल्या वर्षीच करायला हवी, आणि परीक्षा शक्यतो त्याआधी उरकलेल्या हव्यात. आधी अर्ज, मग रिसर्च, मग पुन्हा अर्ज, असं करत बसलात तर पदवी जुनी होत जाते, आणि जुनी पदवी तिथे अडचणच ठरते.

आणि संशोधनाला बोस्टनच लागतं असं कोणी सांगितलं? डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी रुग्णांशेजारी रात्री काढल्या, नोंदी ठेवल्या. मग पुण्याला जाऊन एमडी केलं आणि पुन्हा कोकणात आले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी असंख्य जीव वाचवले. त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. आधी सेवा, मग एमडी, मग पुन्हा तोच प्रश्न. हाही एक क्रम आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना बाँडचं एक वर्ष असतंच. त्याला शिक्षा समजून रडणाऱ्यांनी बिरवाडी आठवावी.

2023 पासून आपल्या रत्नागिरीतही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. 100 जागा. तिथून बाहेर पडणाऱ्या मुली उद्या आपल्याच दारात उभ्या राहून हे वर्ष मागतील. जमातीच्या जबाबदार लोकांना माझा साधा सवाल आहे: तुमच्या वजीफ्यात एमबीबीएसनंतरच्या या एका वर्षासाठी काही तरतूद आहे का? नाही ना? मग निदान टोमणे तरी बंद करा. बायकांच्या दवाखान्यात लेडी डॉक्टरच हवी म्हणून अडून बसणारेही आपणच, आणि ती तयार होत असताना तिची वर्षं मोजणारेही आपणच.

काल तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, माझा जुना सल्ला विसरा. रिश्ता थांबेल. थांबला नाही, तर तो तिच्या लायकीचा नव्हता.