इंग्रजीच्या पदवीला मायबोलीची अट हवी

कमठाणा हे बिदर तालुक्यातील गाव. येथील मराठी घरातला विद्यार्थी इंग्रजी विषय घेऊन बी. ए.ला प्रवेश घेतो, तेव्हा तो भाषेच्या बाबतीत दरिद्री नसतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि ओघाने आलेली हिंदी, एवढे भांडवल घेऊनच तो महाविद्यालयाची पायरी चढतो. प्रश्न असा की, इंग्रजीचा पदवीधर म्हणून त्याच्यावर शिक्का मारताना या भांडवलाची किंमत कोण करतो? आमचे स्पष्ट उत्तर आहे, कोणीही नाही. आणि हा दोष विद्यार्थ्याचा नसून पदवीच्या अटींचा आहे.

या अटी मुळातून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली श्रेयांक पद्धतीसाठी इंग्रजी (ऑनर्स) पदवीचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात १४ अभ्यासपत्रिका गाभ्याच्या, म्हणजे सक्तीच्या होत्या. पहिल्याच गटात अभिजात भारतीय साहित्य होते: शाकुंतल, मृच्छकटिक, महाभारतातील भाग, तमिळ शिलप्पदिकारम. पाठोपाठ होमर, सोफोक्लीझ आदी युरोपीय अभिजात लेखक होते. हे सारे वाचायचे कशातून? इंग्रजी अनुवादातून. अनुवादविद्या मात्र त्याच आराखड्यात कौशल्याच्या ऐच्छिक यादीत, व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या शेजारी बसवली होती. म्हणजे दुसऱ्याने केलेला अनुवाद वाचणे सक्तीचे आणि स्वतः अनुवाद करणे मर्जीचे! ज्याची मायबोली संस्कृतच्या इतकी जवळची, त्याने कालिदासाला इंग्रजीतून भेटावे. पण आपल्या गावच्या ओवीला इंग्रजीत नेता येते का, हे त्याला कोणी सक्तीने विचारू नये, असा हा न्याय आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने नवा आराखडा दिला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक. त्यांपैकी मुख्य विषयाला ६० आणि भाषिक क्षमतावृद्धीला अवघे ८. हे ८ श्रेयांकही आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजी यांच्यासाठी मिळून आहेत. मुख्य विषय एका दालनात, मायबोली दुसऱ्या दालनात आणि मधला दरवाजा बंद. आमचा आक्षेप या बंद दरवाज्याला आहे.

कर्नाटकात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना कन्नड सक्तीचे करणारा आदेश काढला. त्याविरुद्ध याचिका झाल्या आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आधारे अशी सक्ती करू नये, असे उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अंतरिम आदेशात म्हटले. पुढे २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. या साऱ्या उलथापालथीत वाद झाला तो कोणती भाषा सक्तीची, एवढ्यापुरताच. विद्यार्थ्याच्या दोन भाषांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कोणीही मांडला नाही. राज्यघटनेचे कलम ३५०-अ मातृभाषेतील शिक्षणाची सोय प्राथमिक टप्प्यापुरती सांगते. पदवीच्या टप्प्यावर घटना गप्प आहे, म्हणून विद्यापीठानेही गप्प बसावे असे कोठे लिहिले आहे?

अनुवादाचे मोल या भूमीला ठाऊक नव्हते असेही नाही. बिदर निजामाच्या राज्यात असताना १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने उघडले. इंग्रजी तेथे सक्तीचा विषय होती. पण एका देशी भाषेला पदवीच्या पातळीवर न्यायचे, तर आधी अनुवादाचे खाते हवे, हे ओळखून दारुल-तर्जुमा ही संस्था त्याआधीच उभारण्यात आली. दुर्दैव एवढेच की, ही दूरदृष्टी राज्यकर्त्याच्या भाषेपुरती होती. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी बहुसंख्य प्रजा त्या दालनाबाहेरच राहिली. मुंबई इलाख्यातही १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाल्यावर थोड्याच काळात देशी भाषा पदवी परीक्षांतून बाहेर पडल्या. त्यांना परत आणण्यासाठी, त्याच विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झटावे लागले.

येथे हमखास एक आक्षेप येतो: मायबोली मध्ये आणली की इंग्रजीचा दर्जा घसरेल. उत्तर माणसांच्या नावांनी देता येते. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी 'किंग लिअर' आणि ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचेच प्राध्यापक. पलीकडे कन्नडात बी. एम. श्रीकंठय्या, वि. कृ. गोकाक आणि यू. आर. अनंतमूर्ती हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. यांच्यापैकी कोणाचे इंग्रजी मायबोलीमुळे कच्चे राहिले? गोकाकांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. शाळांत कन्नडला पहिल्या भाषेचे स्थान मिळावे, ही शिफारस १९८१ साली त्यांच्याच समितीने केली. इंग्रजीच्या प्राध्यापकाने मायबोलीसाठी उभे राहण्यात कन्नडिगांना विसंगती दिसली नाही. मग तोच युक्तिवाद बिदरच्या मराठी मुलाने केला, तर तो फुटीरपणा कसा ठरतो?

परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडे हौस आहे, म्हणून तेही पाहू. अमेरिकेच्या येल विद्यापीठात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचे अध्ययन करावेच लागते. ज्यांच्यापाशी बहुधा एकच भाषा असते, ते दुसरी मिळवण्यासाठी अट घालतात. ज्यांच्यापाशी चार आहेत, ते आम्ही त्या दाराबाहेर काढून ठेवतो.

आमची मागणी मोजकी आहे. इंग्रजी मुख्य विषय घेणाऱ्या प्रत्येकासाठी चार श्रेयांकांची एक सक्तीची अनुवादपत्रिका असावी. अनुवाद दोन्ही दिशांनी व्हावा. भाषा विद्यार्थ्याने निवडावी. ती मराठी असेल, कन्नड असेल, उर्दू किंवा तेलुगूही असेल. कन्नडचा एकही तास यामुळे कमी होत नाही; उलट कन्नड घरातल्या मुलालाही प्रथमच आपली भाषा इंग्रजीच्या बरोबरीने बसवता येईल. परीक्षक नाहीत, ही सबब टिकणार नाही. १९५६ पर्यंत उदगीर आणि निलंगा बिदर जिल्ह्यातच होते. आज सीमेपलीकडे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथून मराठीचे परीक्षक बोलावण्यास कोणत्याही सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

बिदर जिल्ह्यातील महाविद्यालये आता गुलबर्गा विद्यापीठाकडून २०२३ साली स्थापन झालेल्या बिदर विद्यापीठाकडे आली आहेत. नव्या विद्यापीठाची अभ्यास मंडळे अजून जुन्या सवयींनी जखडलेली नाहीत. इंग्रजीच्या अभ्यास मंडळाने ठरवले, तर एका बैठकीत ही पत्रिका मांडता येईल. सीमाभागातील शिक्षकांनी आणि पालकांनी ही मागणी लेखी स्वरूपात कुलसचिवांकडे पाठवावी. आपल्या आईचे एक वाक्य इंग्रजीत नेता येत नसेल, तर ती इंग्रजीची पदवी अपुरी आहे, हे निदान कागदावर तरी नोंदले जाऊ द्या.