योजना आहे, निदान मात्र उशिरा

मध्य प्रदेशातील देवास शहरापासून इंदूर जेमतेम ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेले शहर इतके जवळ असणे फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते. खर्चासाठी राज्याची मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजनाही आहे. तरीही जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकाचे भवितव्य बरेचसे आधीच ठरलेले असते. दोष कोणाच्या आणि कधी लक्षात आला, यावर.

भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके असे दोष घेऊन जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. हृदयातील लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजते. मोठे छिद्र दुर्लक्षित राहिले, तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ते बंद करणेच धोक्याचे ठरते. व्हिक्टर आयसेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेत पुढे गर्भारपणही जिवावर बेतू शकते.

दुर्मिळ दोषांत तर हाती दिवसच असतात. मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल किंवा हृदयाची डावी बाजू खुरटलेली असेल, तर गर्भावस्थेतील एक छोटी रक्तवाहिनी उघडी असेपर्यंतच बाळ तग धरते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटू लागते. नेमक्या याच सुमारास बाळ-बाळंतीण घरी जातात. प्रोस्टाग्लँडिन हे औषध ती वाहिनी काही काळ उघडी ठेवू शकते, पण त्यासाठी आधी संशय यायला हवा. बाळाच्या उजव्या हाताला व पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायू मोजल्यास यांतील बरेच दोष उघड होतात. कोविडने घराघरांत नेलेले हेच तंत्र. नवजातासाठी संवेदक तेवढा वेगळा.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. नवजातांची पाहणी प्रसूतिकेंद्रातील कर्मचारी आणि घरी जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या करतात. ओठांचा निळसरपणा त्यांना दिसेल. प्राणवायूची थोडी घट उघड्या डोळ्यांना दिसत नाही. बागली-कन्नौदकडच्या गावांत हा फरक अधिक महाग पडतो.

केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ सुरू करून प्रत्येक रुग्णबालकाची ऑनलाइन नोंद थेट शस्त्रक्रिया केंद्राशी जोडली. गोव्यात तर काणकोण असो वा पेडणे, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय काही तासांच्या आत गाठता येते. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतीनंतर प्राणवायूची नोंद केल्याखेरीज बाळाला घरी सोडू नये, एवढा नियम करणे छोट्या राज्याला अवघड नाही.