जिन्यातला ड्रम

जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या स्टँडवर डॉक्टरने लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. सर्दी-खोकला, मधुमेह, ऊन लागणे हे आमचे विषय. कोणाची सायकल कुठे उभी असावी, हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपसात मिटवायचा मामला. मलाही गेल्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेबाराच्या सुमारास एक मुलगा मला बोलवायला आला. आपल्या जिंतूरमधलीच तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, त्यात लाईट गेलेली. सगळ्यात वर राहणारे निवृत्त शिक्षक; गावात सारे त्यांना गुरुजीच म्हणत. छातीत कळ, डाव्या हाताला मुंग्या, अंगावरचा बनियन घामाने ओलाचिंब. अशा वेळी निदानाला यंत्र लागत नाही. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, १०८ ला फोन लावायला सांगितले आणि गुरुजींना बजावले, "एक पाऊलही चालायचं नाही. आम्ही उचलून नेऊ."

बोललो खरे. गाडी लवकर आली, माणसे स्ट्रेचर घेऊन जिना चढू लागली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. तिथे दोनशे लिटरचा निळा ड्रम होता, काठोकाठ भरलेला, म्हणजे दोनशे किलोचा. त्याच्या शेजारी कठड्याला साखळीने बांधलेली सायकल. तिची किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक लग्नाला सेलूला. पुढे चपलांचा लोखंडी स्टँड, आणि त्यावर उन्हाळा संपल्यावर रचून ठेवलेल्या कूलरच्या जाळ्या. शेवटी गुरुजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले, चादरीने बांधले आणि चार पोरांनी खुर्ची उचलली. ड्रमजवळ दोघांना शेजारी उभे राहता येईना. खुर्चीचा पाय स्टँडमध्ये अडकला, खुर्ची कलली. त्या अवस्थेतही गुरुजी म्हणाले, "सावकाश रे, तुम्ही पडाल."

वरून खाली दाराशी यायला आम्हाला वीस मिनिटे लागली. जिना रिकामा असता तर तीन-चार मिनिटांचे काम. तिथून परभणी पुढे चाळीसएक किलोमीटर. गुरुजी अकरा दिवसांनी गेले.

ड्रमने त्यांचा जीव घेतला असे मी म्हणणार नाही. डॉक्टरने असे म्हणू नये, कारण ते सिद्ध करता येत नाही. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि गुठळी विरघळवण्याचे औषध जितके लवकर मिळेल तितका तो वाचतो, एवढे शास्त्र सांगते. त्यातली वीस मिनिटे आम्ही जिन्यात घालवली, एवढे मी सांगू शकतो. आणखीही एक सांगायला हवे. तो ड्रम मी त्याआधी दोन वर्षे पाहत होतो. त्याच मजल्यावर माझे पेशंट आहेत. त्यांचे बी.पी. तपासायला जाताना मी अंग चोरून ड्रमच्या बाजूने जायचो आणि कधी चकार शब्द बोललो नाही. भीड पडली. भीड भिकेची बहीण असे आपले लोक म्हणतात, ते उगीच नाही.

आता सामान बाहेर ठेवणाऱ्यांविषयी. त्यांना सरसकट बेशिस्त म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. आपल्या वयाची बहुतेक माणसे वाड्यात नाही तर माळवदाच्या घरात वाढली. दारातून आत शिरले की ढाळज. तिथे जोडे, घोंगडी, सायकल, कुदळ-फावडे, एखादे ज्वारीचे पोते, आणि त्यातच बसलेले आजोबा. पुढे गावात फ्लॅट आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अडगळीला जागा नाही, साधा माळासुद्धा बिल्डरने काढलेला नाही. माणूस मात्र तोच. दाराबाहेरच्या चार फुटांना तो आपली ढाळज समजू लागला. फरक इतकाच की ढाळज एका घराची होती आणि जिना आठ घरांचा असतो.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्रात अपार्टमेंट मालकीचा कायदा १९७० सालचा आहे. त्यात जिना, पॅसेज, ये-जा करण्याची दारे ही सगळ्यांची सामाईक जागा मानली आहे. तिच्यात प्रत्येकाचा हिस्सा आहे, पण तो वाटून घेता येत नाही. "माझ्या दारासमोरचा तुकडा माझा" हे म्हणणे कायद्यात बसत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर अशी जागा अडवणाऱ्या सभासदाकडून महिन्याच्या देखभाल खर्चाच्या पाचपट वसुलीची तरतूद आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत संस्थाच स्थापन झालेली नसते. मग वसूल कोण करणार आणि कोणाकडून?

गुरुजींच्या जिन्यात निदान उजेडाची तेवढी अडचण होती, धूर नव्हता. मुंबईत गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे धूर होता. जय भवानी नावाची, झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत. तळाशी वाहने उभी करण्याच्या जागेत जुन्या कपड्यांचे गठ्ठे रचलेले, शेजारी मोटारसायकली. पहाटे तीनच्या सुमारास तिथे आग लागली आणि वर झोपलेल्या माणसांपर्यंत धूर चढला. किमान सात जण दगावले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. ते कपडे कोणी मुद्दाम पेटवायला ठेवले नव्हते. जुने कपडे गोळा करून विकण्यावर त्यातल्या काही कुटुंबांचे पोट होते. घरात जागा नाही म्हणून खाली ठेवले, इतकेच.

आगीत माणूस जळून मरतो अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा आधी धूरच मारतो. जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो. गादीचा फोम जळला तर त्यात सायनाइडच्या वायूचीही भर. रबरी चपला, प्लॅस्टिकचा स्टँड, फोमची जुनी गादी, पुठ्ठ्याची खोकी या आपल्या पॅसेजमधल्या नेहमीच्या वस्तू पाहा, आणि जिना म्हणजे इमारतीचे धुराडेच असते हे लक्षात घ्या. चुलीतला धूर जसा वर ओढला जातो तसाच तो वरच्या मजल्याकडे जातो. म्हणजे खालच्याने ठेवलेल्या सामानाचा धूर वरच्याच्या छातीत. अलीकडे जिन्याखाली बॅटरीची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतात, तेही याच हिशेबात धरा. ती बॅटरी पेटली तर विझवायला अवघड आणि बाहेर पडायचा रस्ता नेमका तोच. (कधी वेळ आलीच आणि जिन्यात धूर भरलेला दिसला, तर त्यात शिरू नका. दार लावून घ्या, फटीत ओले कापड कोंबा, खिडकीशी जाऊन हाका मारा.)

एवढ्या थराला गोष्ट रोज जात नाही, हे मान्य. पण रोज घडणारे जे आहे ते दवाखान्यात येतच असते. लाईट गेल्यावर भाजी आणायला निघालेल्या आजी बाहेर पडलेल्या क्रिकेटच्या बॅटवरून घसरतात आणि खुबा मोडतो. सत्तरीनंतर खुबा मोडणे म्हणजे नुसते हाड मोडणे नाही. अंथरूण धरले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते. हाडाचे ऑपरेशन उत्तम होऊनही वर्ष न काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि पाण्याचा ड्रम. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा आपल्या मराठवाड्याचा दुखरा भाग आहे. नळाला रोज पाणी येईल यावर विश्वास ठेवून जगण्याची चैन आपल्याला कधीच नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात माणूस पाणी साठवणारच, त्याला मी काय सांगावे? पण दारातल्या ड्रमची एक खोड आहे. घरातला ड्रम बाई घासून काढते, बाहेरचा कोणी घासत नाही. त्याचे झाकण मुलांनी पतंग काढायला नेलेले असते. डेंग्यूचा डास घाण गटारात होत नाही; त्याला असेच स्वच्छ, सावलीतले, न हललेले पाणी लागते. पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला तो अंडी चिकटवतो. ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, कारण ती अंडी कोरडी राहून काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून खरवडून घासा, असे आरोग्य खाते ओरडत असते. कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, कोपऱ्यातले जुने टायर यांचीही तीच कथा. हा डास चावतो दिवसा, आणि ड्रम कोणाच्या दारातला हे पाहून चावत नाही.

हे सगळे मी त्या इमारतीतल्या एका बैठकीत सांगितले. गुरुजींच्या तेराव्यानंतरची बैठक होती, म्हणून लोकांनी ऐकून तरी घेतले. एका गृहस्थांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, चपला काय डोक्यावर घेऊन झोपायच्या?" प्रश्न रास्त होता. चपला बाहेर काढून घरात येणे ही आपली चांगलीच सवय आहे आणि ती मोडा असे मी म्हणत नाही. पायातला जोड दाराशी भिंतीलगत राहू द्या. पण सहा जणांच्या घराचे अठरा जोड, त्यात शाळा सोडून दहा वर्षे झालेल्या मुलाचे बूट, यांना बाहेर राहण्याचे कारण नाही. सिंगापूरमध्ये बहुतेक लोक उंच सरकारी इमारतींत राहतात. तिथेही दाराबाहेरच्या वस्तूंना सरसकट बंदी नाही. नियम इतकाच की पॅसेजमध्ये १.२ मीटर, म्हणजे चार फूट वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि जिन्यात काहीही नको. आपल्याकडचे पॅसेज मुळातच चार फुटांचे, तेव्हा हिशोब सोपा आहे.

मी त्यांना दुसरा उपाय सुचवला. दंड, नोटीस, वर्गणी काही नको. रविवारी सकाळी, भर उजेडात, एका धडधाकट माणसाला खुर्चीत बसवा, चौघांनी उचला आणि वरून खालपर्यंत आणा. जिथे खुर्ची अडेल तिथली वस्तू हलवायची. कोणी कोणाला बोलायचे नाही, खुर्चीच बोलेल. मला वाटले होते लोक हसतील. हसलेच, पण केले. खुर्चीत बसायला ड्रमवाले स्वतः तयार झाले. खुर्ची सहा ठिकाणी अडली. ड्रम आता खाली पार्किंगमध्ये मोटारीच्या खोलीला लागून आहे, झाकणासकट, आणि दर शुक्रवारी घासतात असे सांगतात. सायकल अजून तिथेच आहे. तिच्या मालकाशी माझे बोलणे चालू आहे.

घरी परतल्यावर पत्नीने सहज विचारले, "आणि तुमच्या दवाखान्यातलं काय?" माझा दवाखाना खाली, वर दोन बिऱ्हाडे. जिन्याच्या पहिल्या पाच-सहा पायऱ्यांलगत माझे जुने तपासणीचे टेबल भिंतीला उभे करून ठेवलेले, त्यामागे गंजलेला सलाईनचा स्टँड, औषधांच्या रिकाम्या खोक्यांची चळत. किती वर्षे, मला आठवत नाही. वरच्या बिऱ्हाडांनी मला कधी काही म्हटले नाही. डॉक्टरची भीड.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावले. त्याने सगळ्याचे मिळून तीनशे दहा रुपये दिले. तो गाडा ढकलत निघाला तेव्हा वरच्या आजी देवळात जायला खाली उतरत होत्या. शेवटच्या वळणावर त्या थबकल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं माय, इथं धरायला कठडा बी हाय की!"