भुताला हसणारा प्रेक्षक मोजायचा राहिला

जालना एमआयडीसीत लोखंडी सळया बनवणाऱ्या कारखान्यांच्या गेटबाहेर पाळी बदलताना दोन भाषा कानावर पडतात. एक बदनापूर, परतूर, भोकरदनकडून आलेल्या पोरांची मराठी, दुसरी बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची हिंदी. दोघांची गावं वेगळी, सणवार वेगळे, डब्यातलं जेवणही वेगळं. पण सिनेमातला झपाटलेला बाहुला तात्या विंचू दोघांच्याही ओळखीचा निघू शकतो. मराठी पोराने टीव्हीवर ‘झपाटलेला’ पाहिलेला असतो, तर बिहारच्या पोराने त्याचंच हिंदी रूप, ‘खिलौना बना खलनायक’. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. आज भट्टीवर उभी असलेली कितीतरी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती.

मराठीत बनलेली दुसरी कोणती गोष्ट परप्रांतातल्या कष्टकऱ्यांपर्यंत इतकी सहज पोचली, हे आठवायला बसलं तर फार नावं सुचत नाहीत. तरीही मराठीतल्या उत्तम चित्रपटांच्या गंभीर चर्चेत ‘झपाटलेला’ क्वचितच येतो. आला तरी ‘आपल्या लहानपणीची गंमत’ म्हणून.

विनोदी भुताला इतकं खाली बसवण्याची गरज नाही, हे स्पेनने दाखवून दिलं आहे. आलेक्स दे ला इग्लेसिया या दिग्दर्शकाचा ‘एल दिआ दे ला बेस्तिया’ म्हणजे ‘पशूचा दिवस’ हा चित्रपट १९९५ मध्ये आला. नाताळच्या रात्री माद्रिदमध्ये सैतानाचा पुत्र जन्मणार, असा हिशेब एका पाद्र्याने मांडलेला असतो. सैतानापर्यंत पोचायचं तर आपणही पापी व्हायला हवं, म्हणून हा भाबडा माणूस चोऱ्या करत सुटतो. त्याच्या जोडीला कर्कश हेवी मेटल संगीताचा वेडा एक तरुण आणि टीव्हीवर गूढविद्येचा बाजार मांडणारा एक भोंदू. कथा सांगितली तर थिल्लर वाटेल. पण स्पेनचा सर्वोच्च चित्रपटसन्मान असलेले गोया पुरस्कार या चित्रपटाला सहा मिळाले, आणि त्यात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचाही होता. पुढे त्याच दिग्दर्शकाच्या २०१३ मधल्या ‘लास ब्रुहास दे सुगार्रामुर्दी’ या चेटकिणींच्या धुमाकुळाला आठ गोया मिळाले. त्यातला एक सहायक अभिनेत्री तेरेले पावेस यांना होता. या चित्रपटात बायकांची टवाळी आहे, असा आक्षेपही तिथल्या समीक्षकांनी घेतला. तो आक्षेप रास्त होता. पण आक्षेप घ्यायला आधी चित्रपट गांभीर्याने पाहावा लागतो, आणि तिथे तो पाहिला गेला.

आपल्याकडे या प्रकाराची परंपरा कमी नाही. १९८२ मध्ये रवी नमाडे यांचा ‘एक डाव भुताचा’ आला. दिलीप प्रभावळकरांचा साधाभोळा मास्तर आणि त्याच्या मदतीला धावणारं अशोक सराफांचं शिवकालीन मशालजीचं भूत. हे भूत भीती दाखवत नाही, सोबत करतं. १९८९ मध्ये सचिन पिळगांवकरांनी ‘भुताचा भाऊ’ केला. मग ‘झपाटलेला’ आणि २००४ मध्ये ‘पछाडलेला’. प्रभावळकरांनी मास्तर केला, तात्या विंचू केला, ‘पछाडलेला’तले इनामदार भुसनळेही केले. पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये त्यांनी साकारलेले गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात, बाकी कोणाला नाही. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण जे नाही ते आहे असं वाटायला लावण्याचं कसब त्यांनी मराठी भुतांच्या सोबतीनेच घासूनपुसून लख्ख केलं होतं.

‘झपाटलेला’ हा १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतला, हे खरं आहे. गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो ही मूळ कल्पना अमेरिकेची. पण बाहुला पूर्णपणे इथला आहे. तो रामदास पाध्ये यांनी घडवला, आणि त्यांच्यामागे वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याची परंपरा उभी होती. गणेशोत्सवात, शाळेच्या संमेलनात बोलका बाहुला पाहून ज्यांना हसू आलं होतं, त्याच प्रेक्षकांना तो बाहुला मध्यरात्री डोळे वटारतो तेव्हा काय वाटेल, हे कोठारेंना नेमकं कळलं होतं. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे. घाबरलेल्या माणसाचं इतकं खरं आणि इतकं हसवणारं काम मराठी पडद्यावर फार थोड्यांनी केलं आहे. बेर्डे यांना आपण विनोदवीर म्हणून मोकळे झालो. त्यांच्या भीतीचा अभिनय म्हणून अभ्यास करायला हवा होता.

या चित्रपटांत खोट आहे. नायिकेच्या वाट्याला किंचाळणं आणि गाणं यापलीकडे फारसं येत नाही. मंत्र म्हटला की तो लागू पडतो, बाबा म्हणतो ते खरं ठरतं. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात हे कसं चालतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच वर्षी आलेल्या ‘झपाटलेला २’ने त्रिमिती चष्मे दिले, पण पहिल्याची धास्ती काही दिली नाही.

मात्र एक गोष्ट घराघरांत घडते. पहिल्यांदा ‘झपाटलेला’ पाहणारं पोर आईच्या पदराआड लपतं, पाचव्यांदा पाहताना तेच पोर तात्याची नक्कल करून धाकट्या बहिणीला हसवतं. भीतीचं हसू करायला शिकवणारी गोष्ट दुय्यम कशी असेल?

२०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला. चित्रपट हिंदी, पण दिग्दर्शक मराठी, कथा कोकणातली आणि घरात सुहास जोशींची आजी. एकही बडा तारा नसताना त्याने देशात शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. मराठवाड्याला मुंज्याची ओळख करून द्यावी लागली नाही. इथे शिवारात पिंपळाखाली शेंदूर फासलेला मुंजोबा असतो आणि दिवेलागणीनंतर तिकडे फिरकू नये असं आजीने सांगितलेलं असतं. दोन वर्षं आधी सरपोतदारांनीच मराठीत ‘झोंबिवली’ केला होता. डोंबिवलीतली झोपडपट्टी, टॉवर आणि त्यात सुटलेले झोंबी, असा धाडसी मामला होता तो. त्यावर जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही.

अडचण मोजमापात आहे. चित्रपट चालला की नाही हे पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर ठरतं आणि चांगला की वाईट हे मुंबई-पुण्यातल्या खेळांना गेलेले लोक ठरवतात. जालन्याच्या खोलीत चौघांत एक मोबाईल ठेवून, दिवसभर भट्टीची धग सोसून आलेला माणूस रात्री जो चित्रपट विसाव्यांदा लावतो, त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. खरं तर तीस वर्षं टिकलेली पसंती ही पहिल्या शुक्रवारच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी भरवशाची समीक्षा आहे.

जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. जगभरातले चांगले चित्रपट तिथे येतात. या महोत्सवाने आपली एक संध्याकाळ जालना एमआयडीसीला द्यावी. पाळी सुटल्यावर, मोकळ्या जागेत मोठा पडदा लावून आधी ‘झपाटलेला’ दाखवावा आणि मग मराठी उपशीर्षकांसह माद्रिदचा तो वेडा पाद्री. दोन्ही संपल्यावर ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या हातात द्यावा, आणि ते जे बोलतील ते समीक्षकांनी समोर बसून लिहून घ्यावं.